वाचकांचे प्रश्न : ताटातल्या तंगडीवरचा बिल्ला

प्रश्न : मूकपटांतील विनोद म्हटला की चॅप्लिन, कीटन आणि लॉरेल-हार्डी यांच्यापलीकडे आमची मजल जात नाही. आज फारसा कोणाला आठवत नसलेला, तरीही आवर्जून पाहावा असा एखादा विनोदी मूकपट सांगाल का? आणि त्यात आजच्या प्रेक्षकाला हसू येण्यासारखे काय आहे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मी ‘पास द ग्रेव्ही’ हे नाव सुचवीन. आपल्या बोलीत सांगायचे तर ‘जरा रस्सा इकडे सरकवा’. हॅल रोच यांच्या स्टुडिओचा हा दोन रिळांचा, म्हणजे साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा चित्रपट १९२८ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शन फ्रेड गिओल यांचे आणि देखरेख लिओ मॅकेरी यांची. मुख्य भूमिकेत मॅक्स डेव्हिडसन हे बर्लिनमध्ये जन्मलेले नट आहेत.

कथा चार ओळींत मावते. मॅक्सच्या शेजारी राहणाऱ्या शुल्ट्झला आपल्या बक्षीसपात्र कोंबड्याचा, ब्रिगमचा, विलक्षण अभिमान आहे. मॅक्सची मुलगी आणि शुल्ट्झचा मुलगा यांचे लग्न ठरते, जेवणाचा बेत आखला जातो आणि कोंबडी आणायला पाठवलेला मॅक्सचा मुलगा पैसे खिशात घालून थेट ब्रिगमचीच मान मुरगाळतो. भाजलेला ब्रिगम टेबलावर येतो, मात्र त्याच्या तंगडीवर ‘पहिले बक्षीस’ असा बिल्ला तसाच अडकून राहिलेला असतो.

खरी गंमत इथून पुढे आहे. मुलीच्या आणि भावी जावयाच्या ध्यानात हा प्रकार येतो, पण शुल्ट्झ समोरच बसलेला असल्याने त्यांना तोंडाने एक शब्दही काढता येत नाही. मग ते दोघे मॅक्सला खुणांनी सांगू पाहतात की, बाबा, आपण जेवतो आहोत तो शेजाऱ्यांचा कोंबडा आहे. हातांचे पंख होतात, मान कापल्याचा अभिनय होतो आणि मॅक्सला मात्र काही केल्या उलगडा होत नाही. पंगतीत वाढप्याला दुसऱ्यांच्या नकळत काही सुचवण्याची वेळ ज्याच्यावर आली असेल, त्याला ही तारांबळ लगेच ओळखू येईल. एरवी मूकपटातील पात्रे बोलत असतात आणि आपल्याला ते ऐकू येत नाही. इथे पात्रांनाच मुके होणे भाग पडले आहे, त्यामुळे आवाजाची उणीव क्षणभरही जाणवत नाही. किंबहुना हा विनोद जणू मूकपटासाठीच जन्मला होता, असे मला मनापासून वाटते.

डेव्हिडसन यांच्या चेहऱ्याकडे मुद्दाम लक्ष द्या. गालावर तळवा टेकवून, मान हळूहळू डोलवत ‘आता काय करावे’ अशा नजरेने पाहण्याची त्यांची लकब आहे. त्या काळच्या अमेरिकन पडद्यावर ज्यू माणसाचे ठरावीक साचातले चित्र रंगवले जाई आणि डेव्हिडसन यांच्या भूमिकाही त्यापासून सर्वस्वी मुक्त नव्हत्या, हे मान्य करायला हवे. तरी या चित्रपटात आपण हसतो ते लेकीच्या सोयरिकीपायी शेजाऱ्याशी जुळवून घेणाऱ्या एका भाबड्या बापाच्या फजितीला, त्याच्या जातकुळीला नव्हे.

कॅमेरा जॉर्ज स्टीव्हन्स यांचा आहे. पुढे मॅकेरी आणि स्टीव्हन्स या दोघांनीही दिग्दर्शनासाठी प्रत्येकी दोन ऑस्कर मिळवली. डेव्हिडसन यांचे नाव मात्र मागे पडले, तर त्याच स्टुडिओतल्या लॉरेल-हार्डींची लोकप्रियता बोलपटांतही वाढतच गेली. १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, ‘पास द ग्रेव्ही’चा समावेश झाला आणि म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयाने डेव्हिडसन यांच्या विनोदपटांची डीव्हीडीही काढली आहे. शक्य झाल्यास चार-सहा जणांनी मिळून पाहा, आणि बिल्ला पहिल्यांदा कोणाच्या नजरेस पडतो ते चुकवू नका.