हॅलोवीनचे हातानं केलेले पेन मराठवाड्यातून विकले जातील का?

ताई, तुम्ही बीडला घरीच रेझिनचे कीचेन करता आणि आता हॅलोवीनसाठी पेन करायचे म्हणताय. तुमचे प्रश्न दोन: घरी लेथ, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून पटाशीनं गोल उतरवायचं यंत्र, नसताना जमेल का, आणि इथून असला माल घेणार कोण. मी लातूरचा. वडिलांच्या सुतारकामाच्या शेडमध्येच माझा छोटा लेथ आहे, आणि गेले चार ऑक्टोबर मी हे पेन विकलेत. जमतं आणि विकलंही जातं. अट एकच. हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला असतो, आणि तुमचा पेन १ नोव्हेंबरलाही माणसाच्या खिशाला दिसला पाहिजे.

ही अट मी पैसे घालवून शिकलो. पहिल्या वर्षी कवटीच्या आकाराची क्लिप असलेली किट, म्हणजे पेनाचे तयार सुटे भाग, मागवली, वर भडक नारिंगी रेझिन चढवलं. तीस पेन केले, त्यातले एकोणीस घरात राहिले. ती किट कुणालाही मिळते, त्यामुळे तसाच पेन शंभर जणांकडे दिसतो. शिवाय सण सरला की कवटी लावून ऑफिसला कोण जाणार? तेव्हापासून भुताचं रूप वरून चिकटवायचं मी सोडलं. ते लाकडातून, पानातून आलं पाहिजे.

माझा सगळ्यात जास्त गेलेला पेन पिंपळपानाचा. आपण लहानपणी पुस्तकात पान ठेवायचो, त्याची जाळी व्हायची, तीच जाळी. पान दोन-तीन आठवडे पाण्यात कुजवायचं, मग मऊ ब्रशनं गर काढायचा. किटमधली पितळी नळी आधी काचपेपरनं खरवडून काळी रंगवायची, त्यावर जाळी गुंडाळून अगदी थेंबभर गोंदानं धरायची, नळीची दोन्ही तोंडं मेणानं बंद करून सिलिकॉनच्या साच्यात उभी करायची आणि पारदर्शक रेझिन ओतायचं. बुडबुडे जाळीखाली अडकतात, म्हणून ओतायच्या आधी पानावर ब्रशनं रेझिनचा पातळ हात द्या. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी रेझिन बघता बघता तापतं आणि आळतं, तर हे काम पहाटे उरका. लेथवर उतरवताना पानावर जेमतेम मिलिमीटरभर रेझिन ठेवायचं असतं. पटाशीचा हात जरा जास्त पडला की जाळी सोलून निघते. माझी पहिली सात पानं अशीच गेली, आठवं टिकलं. ते काळ्यावर पांढरं पान मी खिडकीपाशी धरून कितीतरी वेळ नुसतं फिरवत बसलो होतो.

त्या पेनाला मी मुंजा म्हणतो. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा पिंपळावर राहतो, ही गोष्ट मी आजीकडून ऐकलेली. डबीत चार ओळींत तीच लिहून ठेवतो. आपला मुंजा त्यांच्या सणात कशाला, असं मला एकानं विचारलं होतं. पण आयर्लंड-स्कॉटलंडकडे हे कंदील आधी सलगमाचे कोरायचे. ती माणसं अमेरिकेत गेली, तिथे भोपळा सापडला, मग भोपळा आला. ज्या मातीत जे उगवतं ते त्या सणानं घेतलंय. आपल्याकडे पिंपळ आहे.

दुसरा पेन बाभळीचा, आणि हा तर आपल्या बांधावरचा. बाभळीत टॅनिन भरपूर, तिच्या सालीवर कातडी कमावायचे ते त्याचमुळे. गंजके खिळे किंवा लोखंडी काथ्या आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा, पाणी गाळून घ्या आणि घासून तयार झालेल्या लाकडावर फडक्यानं फिरवा. डोळ्यादेखत लाकूड काळं पडतं. रंग लावलेला वाटतच नाही, आतल्या रेषा तशाच दिसतात. मात्र हा काळेपणा वरवरचा असतो, नंतर काचपेपर मारला की खालचं लालसर लाकूड उघडं पडतं. म्हणून सगळी घासाई आधी. मधोमध नारिंगी रेझिनची एकच बारीक कडी घातली की ज्याला समजायचं त्याला हॅलोवीन समजतो, आणि बाकीच्यांना तो नुसता देखणा काळा पेन दिसतो. लाकूड वर्षभर सावलीत वाळलेलंच घ्या. ओल्या बाभळीचा पेन गिऱ्हाइकाच्या हातात तडकला तर तो गिऱ्हाईक गेलाच. शिसवाचा मोह मला झाला होता, पण तो २०१७ पासून साइटिस या आंतरराष्ट्रीय करारातल्या झाडांच्या यादीत आहे, परदेशी पाठवायला कागदपत्रांची भानगड होते. बाभूळ आणि चिंच बऱ्या.

अंधारात चमकणारी पावडर तुम्ही कीचेनमध्ये वापरली असेलच. पेनात दोन गोष्टी जपा. ती जड असते, तळाशी बसते, तेव्हा रेझिन मधासारखं दाट व्हायला लागलं की मिसळा. आणि नळी पांढरी रंगवा. नारिंगी रेझिनखाली उघडं पितळ राहिलं तर रंग मळकट दिसतो, चमक तर निम्मी गिळली जाते. हिरवी पावडर सगळ्यात जास्त उजळते. ती पटाशीची धार मात्र लवकर खाते.

आता लेथ. सुरुवातीला विकत घेऊ नका. लाटणी, पाट-पाळण्याचे पाय उतरवणारा कारागीर बीडला सापडेल. साचे तुम्ही ओता, भोक पाडून नळ्या चिकटवून द्या, उतरवून तो देईल. मँड्रेल (लेथवर नळी जिच्यावर चढवतात ती सळई) आणि किटच्या मापाच्या बुशिंग (नळीच्या दोन्ही टोकांना लावायच्या मापाच्या कड्या) तेवढ्या तुमच्या स्वतःच्या घ्या, नाहीतर तोटीपाशी पायरी राहते आणि ती बोटाला सतत लागते. भोक पाडताना ड्रिल दर बोटभर खोलीला बाहेर काढा. तापलं की रेझिन आतून चिरतं, आणि ती चीर पॉलिश झाल्यावर दिसते. रेझिनची धूळ छातीत जाऊ देऊ नका, मास्क हवाच.

किट निवडताना सगळे क्लिप बघतात, तुम्ही रिफिल बघा. ७ मिमी नळीच्या सगळ्यात स्वस्त किटमध्ये बारीक क्रॉस पद्धतीची रिफिल बसते, ती आपल्या गावांत शोधूनही सापडत नाही. थोडी जाड नळीची, पार्कर पद्धतीची रिफिल बसणारी किट घ्या, ती रिफिल आमच्या लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या साध्या स्टेशनरीतही मिळते. शाई संपल्यावर पेन ड्रॉवरमध्ये पडला तर पुढच्या वर्षी तो माणूस तुमच्याकडे परत येत नाही.

घेणारे म्हणाल तर माझा बराचसा माल पुण्या-मुंबईला जातो. आयटीतली पोरं ऑक्टोबरात ऑफिसमध्ये हॅलोवीन करतात, भेटी देतात. इंग्रजी शाळांतल्या शिक्षिकाही घेतात. लातुरात क्लासेसची हजारो पोरं आहेत, पण त्यांना पाच-दहा रुपयांचा पेन लागतो, त्यांच्यावर हिशेब धरू नका. मी पिंपळपानाचा पेन साडेनऊशेला देतो. किट, रिफिल, रेझिन, डबी, वाया गेलेले नग आणि दोन तासांची मजुरी धरली की यापेक्षा खाली परवडत नाही. मजुरी धरायला लाजू नका. बायका घरच्या कामात ती धरतच नाहीत, हे मी आईच्या गोधड्यांच्या बाबतीत पाहिलंय.

परदेशी पाठवायचं तर पॅनवर आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, काढा, ५०० रुपये फी आहे. पार्सल डाकघर निर्यात केंद्रातून जातं. पण आधी नियम विचारा. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी काढली आणि टपालानं तिकडे माल जाणं ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जवळजवळ थांबलं. हॅलोवीनचे नेमके तेच आठवडे. म्हणून पहिली दोन वर्षं देशातच विका. फोटो ऑगस्टमध्ये टाकायचे, माल सप्टेंबरअखेर तयार पाहिजे. गौरी-गणपतीच्या गडबडीत हे मागे पडतं, तर साचे पावसाळ्याआधीच ओतून ठेवा.

एक गोष्ट राहिली. ती करू नका, एवढंच सांगतो. माझ्याकडे किल्लारीकडच्या पडलेल्या माळवदाची सागाची तुळई आहे, वडिलांनी एका घरवाल्याकडून घेतलेली. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं चाळीस पेनांची ऑर्डर देऊ केली. भूकंपातलं झपाटलेलं लाकूड असं डबीवर लिहून द्या, म्हणाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र आटोपून लोक झोपले होते. हजारो माणसं त्या माळवदांखाली गेली. त्यांची घरची माणसं आज आपल्यात आहेत, आमच्या गल्लीतही आहेत. मी ऑर्डर घेतली नाही. मुंजाची गोष्ट सगळ्यांची आहे, ती आपण सांगू शकतो. हे दुःख त्या घरांचं आहे.

त्या तुळईचे मी चारच पेन केले. ना काळे केले, ना नारिंगी कडी घातली, सागाचा रंग तसाच ठेवला. ते त्या घरवाल्याच्या नातवंडांना दिले. थोरली नात आता दहावीला आहे. तिनं डबी उघडली, टोपण काढलं आणि वहीच्या मागच्या पानावर आधी गावाचं नाव लिहून बघितलं.