परत म्हण

म्हापसा, गोवा

प्रिय बाय,

तुझा 11 मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा तू रडतेस म्हणून वाईट वाटलं. दुसऱ्यांदा रागच आला. सगळा मेसेज मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत; ज्या पोर्तुगीज भाषेपायी रडतेस, तिचं त्यात एकच वाक्य, आणि तेही चुकलेलं. त्या एका वाक्यासाठी हे पत्र.

तू बेकरीत गेलीस. म्हणालीस, 'केरू क्वात्रु पांवश.' काउंटरमागची बाई हसली आणि म्हणाली, 'क्वात्रु पांयश.' तू 'सीं, सीं' (हो, हो) केलंस, पैसे दिलेस, पिशवी उचललीस आणि बाहेर पडलीस. सहा महिने लिस्बनमध्ये राहून चार पाव मागता येत नाहीत, तर माझं पाचारण, सिस्टर होण्यासाठी देवाने दिलेली हाक, खरं तरी आहे का, हा तुझा प्रश्न. पाचारणाचं मागाहून बघू. आधी पावाचं बघू.

त्या बाईने फुकटात धडा दिला आणि तू तो काउंटरवरच ठेवून आलीस. तिथेच उभं राहून म्हणायचं होतं: 'केरिया क्वात्रु पांयश, स फाश फवोर (कृपा करून).' दुरुस्त झालेला एकटा शब्द नव्हे, अख्खं वाक्य. नुसती मान डोलावली की दुरुस्ती कानात राहते, जिभेवर उतरत नाही. दुसऱ्या दिवशी तोंडातून पुन्हा 'पांवश'च निघतं, आणि चौथ्या-पाचव्या वेळी बाई दुरुस्त करणंच सोडून देते. ती पाव देते, तू घेतेस, काम भागतं. खरा धोका तिथून पुढे. लोकांना तुझं चुकलेलं बोलणंच समजायला लागलं की ती चूक तुझ्या तोंडात कायमची बसली. म्हणून बाय, परत म्हण.

त्या एका वाक्यात किती आहे बघ. 'केरू' म्हणजे 'मला पाहिजे'. 'केरिया' म्हणजे 'हवे होते'. डिचोलीच्या दुकानात तू 'चार पाव हवे होते' असंच म्हणतेस ना? अगदी तेच. भूतकाळ वापरून नम्र होण्याची रीत आपल्याकडेही आहे, हे वर्गात कोणी सांगणार नाही, कारण त्यांना मराठी येत नाही. आता 'पांव'. या शेवटाच्या शब्दांची अनेकवचनं तीन तऱ्हांनी होतात: मांव (हात) – मांवश, पांव – पांयश, कुरसांव (हृदय) – कुरसोंयश. बहुतेक शब्द तिसऱ्या वाटेने जातात, पाव दुसरीने. पाठ करायला सोपा नियम नाही. तोंडाला सवय लागेपर्यंत परत म्हणणं एवढाच इलाज. आणि हा शब्द तर घरचा. आपला पाव तिथूनच आला, सकाळी सायकलवर भोंपू वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, तोही तिथलाच.

घरचे शब्द मात्र दगाही देतात. 'पगार' तिथे क्रियापद आहे, पैसे देणं. महिन्याच्या पगाराला 'सालारिउ' म्हणतात. 'पेरा' मागितलास तर नासपती मिळेल, पेरू नाही. आणि जनेल, आपली खिडकी! आपण 'ज' म्हणतो, तिथे वेगळाच आवाज आहे जो मराठीत नाही. 'श' लांबव, तोंडाची ठेवण तशीच ठेव, आणि घशातून आवाज सोड. हात गळ्यावर ठेवलास तर थरथर जाणवली पाहिजे. रोज आरशासमोर दहा वेळा. ओब्रिगाद (आभारी आहे) म्हणताना शेवट स्वतःप्रमाणे ठेव, समोरच्याप्रमाणे नव्हे. तू बाई आहेस, समोर पाद्री असला तरी शेवट 'दु' होत नाही.

वही कर. दोनशे पानी, साधी. डाव्या पानावर तू बोललीस ते जसंच्या तसं, चुकीसकट. उजव्या पानावर दुरुस्त झालेलं. दिवसाला 5 वाक्यं, जास्त नाहीत. वीस लिहिशील तर पुन्हा एकही वाचणार नाहीस. रात्रीच्या आत्मपरीक्षणाआधी उजवं पान मोठ्याने वाच, दुसऱ्या दिवशी वाच, चौथ्या दिवशी, मग आठवड्याने. डोळ्यांनी वाचलेलं मोजू नकोस. ओठ हलले पाहिजेत, आवाज आला पाहिजे. तुम्ही पोरी हेडफोन लावून ऐकत बसता आणि त्याला अभ्यास म्हणता. ऐकण्याने ऐकणं सुधारतं, बोलणं नाही.

आता तू सांगितलेली ती गोष्ट, वृद्धाश्रमातली आजी म्हणाली की तू जुन्या पोथीसारखी बोलतेस. ती बरोबर बोलली. तू पोर्तुगीज प्रार्थनांवरून शिकलीस. प्रार्थनेत देवाला 'श्ताइश' म्हणतात, मारियेला 'सोइश' म्हणतात. ही 'व्हॉश'ची, म्हणजे जुन्या आदरार्थी 'आपण'ची, रूपं लिस्बनच्या रस्त्यावर जवळपास मेलेली आहेत. आजीशी बोलताना 'अ सेन्योर' (बाईसाहेब) म्हण आणि क्रियापद तृतीय पुरुषी ठेव. 'तू' म्हणू नकोस, 'व्होसे'ही टाळ, पुष्कळांना ते उद्धट वाटतं. तू-तुम्ही-आपण सांभाळत वाढलेल्या मुलीला हे अवघड जाऊ नये. आणि तिच्या प्रकृतीबद्दल बोलताना 'श्ता दुएंत' आणि 'ए दुएंत' यांत गल्लत करू नकोस. पहिलं म्हणजे आजारी आहे, दुसरं म्हणजे आजारीच असते. घरच्यांसमोर दुसरं म्हणालीस तर त्यांचा चेहरा पडेल.

प्रार्थना कोरडी झाली म्हणतेस. होणारच. डोकं दिवसभर शब्द शोधत असतं, चॅपेलमध्ये बसल्यावरही ते थांबत नाही. याला श्रद्धा आटणं म्हणत नाहीत, याला थकणं म्हणतात. सकाळची पहिली 15 मिनिटं फक्त मराठीत बोल, देवाला तुझा अभ्यासक्रम पूर्ण करायचा नाही. त्यानंतर समूहाची प्रार्थना पोर्तुगीजमध्ये, पूर्ण आवाजात, पुटपुटत नाही. रविवारचं शुभवर्तमान सहसा इथे आणि तिथे एकच असतं. शनिवारी रात्री ते मराठीत वाच, म्हणजे मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, अर्थ आधीच हातात असेल आणि कान फक्त शब्द पकडतील. पापनिवेदनाला भाषेची परीक्षा करू नकोस. इंग्रजी समजणारा पाद्री शोध आणि मोकळी हो.

तेच तेच म्हणायला लाज वाटते, पोपटासारखं वाटतं, असंही म्हणालीस. तेर्साला, जपमाळ ओढताना, 53 वेळा 'नमान मोरिये' (मारियेची प्रार्थना) म्हणताना लाज वाटते का? लहानपणापासून तुला परत म्हणण्याचंच वळण लावलंय, आणि बेकरीत तेवढी लाज? परत म्हण.

तुझ्या घरात पाच भारतीय सिस्टर आहेत, जेवणाच्या टेबलावर इंग्रजी चालते. सुपिरियरला, घराच्या प्रमुख सिस्टरला, विचारून दुपारचं जेवण तरी पोर्तुगीजमध्ये ठेवा. पाचही जणी चुकाल, चालेल, पण निदान एक तिथली बाई टेबलावर हवी, नाहीतर एकमेकींच्या चुका पक्क्या होतात. आईचा फोन रात्री 9 ला येतो. हिवाळ्यात तेव्हा तुझ्याकडे दुपारचे साडेतीन. लोक घराबाहेर, दुकानं उघडी, बोलायची उत्तम वेळ, आणि तू खोलीत डिचोलीच्या बातम्या ऐकत असतेस. फोन रविवारवर ने. आईशी मी बोलेन. थंडीबद्दल लिहिलंस ते वाचलं. लोकरी मोजे दोन जोड घाल.

आपल्याच मातीतली दोन माणसं आठव. बाणावलीचे संत जुझे वाझ 1687 मध्ये श्रीलंकेत उतरले, डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातलेली असताना. तमिळ आणि सिंहली दोन्ही शिकले. दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस त्यांच्या मागून गेले आणि सिंहलीत ग्रंथ लिहिण्यापर्यंत पोचले. त्यांना ना वर्ग होता, ना हेडफोन.

आणि लिस्बन हा तुझा मुक्काम नाही, हे विसरू नकोस. तुला मोझांबिकमध्ये नांपुलाला जायचंय. मोझांबिकचा कारभार 1752 पर्यंत गोव्यातून चालायचा, म्हणून आपल्याला तो देश ओळखीचा वाटतो. पण तिथली आजी घरात पोर्तुगीज बोलत नाही, तिथली माखुवा भाषा बोलते. पोर्तुगीजवर ऑफिस चालतं, दवाखान्याचा कागद भरता येतो. आजारी माणूस कण्हतो माखुवात. पोर्तुगीजवर भागेल असं धरून मी माखुवा पुढे ढकलत राहिले. वर्षं गेली. याहून जास्त त्याबद्दल लिहिणार नाही.

तुला एक सांगते, जे युरोपातल्या सिस्टरना मिळत नाही. माखुवात त आणि थ, क आणि ख वेगळे. त्यांच्या कानांना तो फरक लागत नाही, तुझ्या कानाला बाराखडीनेच तयार केलंय. मूळच्या शब्दांत ब, ड, ग मात्र नाहीत. शब्दाचं अनेकवचन शेवटी नाही, सुरुवातीला बदलतं: मुत्थु म्हणजे माणूस, अत्थु म्हणजे माणसं. 'कोशुखुरु' म्हणजे आभार. लिस्बनमध्ये मोझांबिकची माणसं पुष्कळ आहेत, मिस्सेनंतर चौकशी कर, माखुवा बोलणारी एखादी बाई भेटेल. तिच्याकडून आठवड्याला 5 वाक्यं घे. तीही त्याच वहीत.

वर्गात मी तुम्हा मुलींना एकच वाक्य सात-सात वेळा म्हणायला लावायचे, त्यावरून मागे कुजबुज चालायची, मला माहीत आहे. जाच होता, कबूल. चूक होती असं अजूनही वाटत नाही. कंटाळा आला म्हणून तिसऱ्यांदा थांबलेल्यांचं काय झालं ते तुझ्या मेसेजमध्ये ऐकलंच.

पाचारणाचं विचारलंस. सहा महिन्यांच्या व्याकरणावर ते ठरत नाही, आणि ज्या संध्याकाळी पाव मागताना फजिती झाली त्या संध्याकाळी तर मुळीच ठरवू नये. पहिल्या व्रतांच्या वेळी जे कारण दिलं होतंस ते कागदावर मराठीत लिही, वहीच्या शेवटच्या पानाला चिकटव, आणि एक वर्ष त्याला हात लावू नकोस.

उद्या सकाळी त्याच बेकरीत जा, त्याच बाईकडे. रांग असली तर थांब. शनिवारी पहिल्या पाच वाक्यांचा फोटो पाठव. डावं पानही दिसलं पाहिजे.

तुझी,
सिस्टर