विचारा तर खरं : विमान वादळात घुसतं ते कशासाठी?

प्रश्न : आम्ही टॅम्पाला असतो. 2024 च्या ऑक्टोबरात मिल्टन वादळ आलं तेव्हा रविवारी रात्री झोपताना ते पहिल्या श्रेणीचं होतं आणि सोमवारी दुपारी थेट पाचव्या, म्हणजे सर्वात वरच्या! वादळ कुठे धडकणार हे चार-चार दिवस आधी सांगतात, मग जोर किती वाढणार हे का नाही सांगता येत? आणि वर सॅटेलाइट असताना माणसं भरलेलं विमान आत कशाला पाठवायचं?
– एक वाचक, फ्लोरिडा

उत्तर : मिल्टनचा जोर वाढणार हे आधी सांगितलं होतं बरं का, फक्त इतका आणि इतक्या झटपट वाढेल असं नव्हतं सांगितलं. 24 तासांत वाऱ्याचा वेग ताशी साधारण दीडशे किलोमीटरने वाढला. 24 तासांत 55 ने वाढला तरी शास्त्रज्ञ त्याला 'झपाट्याने जोर धरणं' म्हणतात, यावरून काय ते समजा.

आता मार्ग आणि जोर, ही दोन वेगळी दुखणी आहेत. वादळ कुठे जाणार हे आजूबाजूचे हजारो किलोमीटरवरचे मोठे वारे ठरवतात आणि ते मॉडेलला (अंदाज बांधणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला) बऱ्यापैकी कळतात. जोराचं मात्र बरंचसं आतल्या डोळ्याभोवतीच्या (डोळा म्हणजे वादळाच्या मधला शांत भाग) ढगांच्या भिंतीत ठरतं, म्हणजे काही दहा किलोमीटरच्या पट्ट्यात, आणि सॅटेलाइटच्या नेहमीच्या फोटोत तिथे वरून नुसतं पांढरं ढगांचं झाकण दिसतं, खाली काय शिजतंय ते नाही.

म्हणून विमान. नोआ या अमेरिकेच्या सरकारी हवामान-समुद्र संस्थेची दोन पी-3 विमानं आहेत, नावं कर्मिट आणि मिस पिगी (मपेट बाहुल्यांची, पण खरंच हीच नावं आहेत), आणि ती तुमच्या जवळच लेकलँडला असतात. त्यांच्या शेपटीत एक डॉप्लर रडार आहे. ते विमानाच्या आडव्या दिशेने गोल गोल फिरत राहतं, आणि बीम एकदा थोडा पुढे कललेला, एकदा थोडा मागे कललेला. असं का, तर डॉप्लरला वाऱ्याचा फक्त आपल्याकडे येणारा किंवा आपल्यापासून लांब जाणारा भाग कळतो, आडवा वारा कळतच नाही. पण ढगातली एकच जागा पुढे जाताना एका कोनातून आणि मिनिटभराने दुसऱ्या कोनातून बघितली की दोन्हींचा हिशेब जुळवून खरा वारा काढता येतो. विमान डोळ्यातून आरपार जातं, वळतं, परत दुसऱ्या बाजूने आरपार, आणि तेवढ्यात खालपासून वरपर्यंत वाऱ्याचा थ्रीडी नकाशा तयार. फक्त जिथे पाऊस नाही तिथे रडार आंधळं, त्यामुळे सोबत ड्रॉपसाँड टाकतात, पॅराशूट लावलेल्या नळ्या, त्या समुद्रात पडेपर्यंत दाब, तापमान, दमटपणा, वारा सगळं कळवत राहतात.

या नकाशातून काय दिसतं? एक तर खालचा भोवरा आणि वरचा भोवरा एकावर एक आहेत का वाऱ्याने वरचा भलतीकडे कललाय. कललेला असेल तर सहसा वादळ अडखळतं, सरळ झाला की उसळतं. दुसरं म्हणजे उंच जोरदार ढग नेमके कुठे फुटतायत, सर्वात जोरदार वाऱ्याच्या कड्याच्या आत असतील तर सावध व्हायचं. कधीकधी जुन्या भिंतीबाहेर दुसरी भिंत तयार होते आणि आतली मरते, तेव्हा जोर तात्पुरता उतरतो पण वादळाचा पसारा वाढतो. 2005 मध्ये रीटा वादळात हे विमानातल्या रडारने जवळून टिपलं होतं.

हाच डेटा उडतं विमान सॅटेलाइटवरून पाठवतं आणि तो मॉडेलमध्ये घालतात. 2013 पासून एचडब्ल्यूआरएफ या अमेरिकेच्या वादळांसाठीच्या मॉडेलमध्ये रोजच्या कामात घालायला लागले, 2023 मध्ये त्याच्या जागी हाफ्स हे नवं मॉडेल आलं. पण डेटा ओतला की झालं असं नाही हां. मॉडेल हवेचे चौकोन पाडून हिशेब करतं, ते साधारण दोन किलोमीटरचे, आतला भोवरा खूप छोटा आणि जोरदार असला की मॉडेलला तो पेलवत नाही, पहिल्या काही तासांतच ढिला पडतो. माझ्या मते खरी डोकेफोड इथेच आहे, पण कौतुक सगळं विमानाच्या वाट्याला येतं.

प्रश्न : निसर्ग वादळात आमची नारळ-सुपारीची बाग गेली. आपल्याकडे अशी विमानं का नाहीत?
– एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : आपल्याकडे नेहमी वादळात जाणारी विमानं नाहीत. हवामान खातं सॅटेलाइटच्या फोटोतल्या ढगांच्या आकारावरून ड्वोरॅक पद्धतीने जोराचा अंदाज बांधतं, आणि वादळ किनाऱ्याजवळ आलं की मुंबई-गोव्याची डॉप्लर रडारं कामाला येतात. 3 जून 2020 ला निसर्ग या रडारांच्या टप्प्यात होतं, पण तोवर ते दारातच आलेलं. भर अरबी समुद्रात असताना पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा बीम वादळाच्या डोक्यावरूनच निघून जातो. मॉडेल मिळण्याची अडचण नाही, एचडब्ल्यूआरएफ आपल्या हवामान खात्यानेही वापरलंय, अडचण आहे ती आतल्या डेटाची. आणि हे फक्त आपलंच नाही, पश्चिम पॅसिफिकमधली नेहमीची उड्डाणं अमेरिकेने 1987 मध्येच बंद केली.

प्रश्न : आत गेलेलं विमान पडत नाही का?
– एक कॉलेजकुमार, पुणे

उत्तर : क्वचित, पण पडलेलं आहे. 1955 मध्ये जॅनेट वादळात अमेरिकन नौदलाचं विमान गेलं ते परत आलंच नाही, आत अकरा जण होते. 1989 मध्ये ह्यूगोत हेच आपलं कर्मिट फक्त दीड हजार फुटांवरून घुसलं, सॅटेलाइटवरून वाटलं होतं त्यापेक्षा वादळ कितीतरी जोरदार निघालं आणि चारातलं एक इंजिन बंद पडलं. मग डोळ्याच्या आतल्या शांत भागात घिरट्या घालत उंची गाठली, हवाई दलाच्या दुसऱ्या विमानाने भिंतीतली त्यातल्या त्यात मऊ जागा शोधून दिली, तिथून बाहेर पडले. आता शिरतात ते आठ-दहा हजार फुटांवरून.