हॉलिवूडमध्ये अशी कोणी नटी होती का जी अॅक्टिंगपेक्षा गॉसिप कॉलममुळे जास्त गाजली?

हो, हेडा हॉपर. मूळ नाव एल्डा फरी, जन्म 1885, पेनसिल्व्हेनिया. शंभरावर सिनेमे केले पण बहुतेक दुय्यम रोल, टॉपची हिरॉइन कधी झालीच नाही, मग पन्नाशीत कामं आटली आणि 1938 पासून लॉस एंजेलिस टाइम्समध्ये कॉलम लिहायला लागली आणि तिथे मात्र नशीब फळफळलं. कारण साधं आहे, इतकी वर्षं सेटवर काढल्यामुळे कोणाचं कोणाशी चाललंय हे सांगणारी माणसं तिच्याकडे आधीच होती. तिच्या भल्यामोठ्या हॅट्स फेमस, आणि बेव्हर्ली हिल्समधल्या बंगल्याला ती स्वतःच 'भीतीने बांधलेलं घर' म्हणायची, म्हणजे बाई काय चीज होती बघा! नाव बदलायचं कारणही भारी, नवऱ्याच्या आधीच्या बायका एला, आयडा, एडना, नेला, त्यात ही एल्डा, तो सारखा गोंधळायचा म्हणून अंकशास्त्रवालीकडून 'हेडा' घेतलं.

फक्त तिला नुसती मजेशीर गॉसिपवाली समजू नका. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांची कामं बंद करणाऱ्या ब्लॅकलिस्टला तिचा उघड सपोर्ट होता, चार्ली चॅप्लिनच्या तर ती हात धुऊन मागे लागली होती.