शंका-समाधान : तारण कशाने, विश्वासाने की सत्कर्मांनी?

गेल्या अंकात इफिसकरांस पत्रातल्या 2:8-9 या वचनांवर टिपण आलं होतं: तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे होतं, ते देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नाही. त्यावर सातारा-सांगली भागातून बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना ही उत्तरं.

प्रश्न : नव्या करारातल्या पत्रांत प्रेषित पौल म्हणतो, माणूस नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो (रोमकरांस 3:28). याकोब म्हणतो, केवळ विश्वासाने नव्हे तर क्रियांनी (याकोब 2:24). दाखला दोघंही अब्राहामाचाच देतात. आमच्या तरुण संघात यावरून जुंपली. बरोबर कोण? – एक वाचक, कराड

उत्तर : वाद मिटवायचा तर अब्राहामाचं वय मांडून बसा. हारान सोडलं तेव्हा तो 75 वर्षांचा होता (उत्पत्ती 12:4). पहिला मुलगा इश्माएल झाला तेव्हा 86 (16:16). अब्राहामाने विश्वास ठेवला आणि देवाने ते त्याचं नीतिमत्त्व म्हणून गणलं, ही ओळ 15:6 मध्ये आहे, म्हणजे या दोहोंच्या मधली. सुंता झाली ती 99 व्या वर्षी (17:24). पौलाचा सगळा भर या अंतरावर आहे. निदान 13 वर्षं अब्राहाम सुंतेशिवायच देवापुढे नीतिमान होता, मग सुंता ही तारणाची अट कशी होईल? रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून वाचा, एकदम उलगडतो.

याकोब बोलतो ते उत्पत्ती 22 विषयी. तिथे देवाच्या सांगण्यावरून अब्राहाम मुलगा इसहाक याचा होम करायला निघतो. इसहाक होमाची लाकडं स्वतः वाहून नेण्याएवढा मोठा झालाय. पंधराव्या अध्यायातला विश्वास खरा होता हे तिथे दिसून आलं, असं याकोब म्हणतो, आणि लगेच 2:23 मध्ये 15:6 चीच ओळ पुढे ठेवतो. म्हणजे क्रम दोघांचाही एकच आहे.

मग भाषा एवढी वेगळी का? समोरची माणसं वेगळी म्हणून. परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांनी सुंता केल्याशिवाय ते पुरे ख्रिस्ती नव्हेत, असं गलतीयात शिकवणाऱ्यांना पौल उत्तर देत होता. याकोबापुढची मंडळी निराळीच. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला ते मानाची जागा देत, मळक्या कपड्यांतल्या गरिबाला म्हणत ‘तू तिथे उभा राहा’ (2:2-3). उपाशी भावाला ‘ऊब घे, पोटभर खा’ एवढं बोलून वाटेला लावणारी माणसं ती. ‘देव एकच आहे’ असं भुतंही मानतात आणि थरथर कापतात, हे याकोबाला म्हणूनच सांगावं लागलं. पौलाने ज्याला विश्वास म्हटलं ती ही चीज नव्हेच. ‘प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास’ हे शब्द तर खुद्द पौलाचे आहेत (गलती 5:6).

मार्टिन लूथरने 1522 च्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला ‘गवताचं पत्र’ म्हटलं, पण पत्र गाळलं मात्र नाही. आमच्या मते त्याने तिथे घाई केली. याकोब बाजूला ठेवून कृपेचा उपदेश करत राहिलं, की मंडळीत (चर्चमध्ये) अंगठीवाल्याला खुर्ची मिळू लागते.

प्रश्न : माझा बाप्तिस्मा झालाय, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा विश्वासकबुलीचा विधी) झालंय, उपासना चुकत नाही. तरी रात्री मन खातं. माझा विश्वास पुरेसा नसला तर? दर उज्जीवन सभेत ख्रिस्ताला स्वीकारते म्हणून हात वर करते, आठवडाभर बरं वाटतं, पुन्हा तेच. – एक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, तुमच्यासारखी पत्रं सर्वांत जास्त आली आहेत. ‘कर्मांनी नव्हे’ हे आपण पाठ करतो आणि मग विश्वासालाच कर्म करून टाकतो. पूर्वी उपास मोजायचो, आता विश्वास मोजतो, तो किती आहे, किती खरा आहे, परवाच्यापेक्षा कमी झाला का. तारण पुन्हा आपल्याच कमाईवर येऊन बसतं, आणि ही कमाई तर डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून भीती दुप्पट.

विश्वासात तीन गोष्टी येतात, असं जुने ख्रिस्ती शिक्षक शिकवत आले: जाणणं, मान्य करणं आणि विसंबणं. येशूविषयीची वार्ता काय ते कळणं हे पहिलं, ती खरी आहे असं पटणं हे दुसरं. हे दोन्ही असूनही माणूस बाहेरच राहू शकतो. तिसऱ्यात तो आपला भार ख्रिस्तावर टाकतो. सांगलीच्या आयर्विन पुलावरून कुणी छाती काढून चालतो, कुणी पाण्याकडे बघत कठडा धरून. पार दोघंही जातात, कारण दोघांनाही पेलणारा पूल एकच. तुमचा विश्वास थरथरत असेल, पण तारण त्या थरथरण्यावर उभं नाही. मार्क 9:24 मधला बाप तर ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा’ असं एका दमात म्हणाला. येशूने त्याला ‘आधी विश्वास वाढवून ये’ म्हणून परत पाठवलं नाही, त्याच्या मुलाला बरं केलं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. त्यानंतर सुमारे आठ वर्षं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी पुढे स्वतः लिहिलं. एवढ्या विदुषी बाईलाही जाणण्याकडून विसंबण्याकडे यायला इतका काळ लागला.

आता रात्री करायचं ते. मन खाऊ लागलं की ‘मी फार पापी’ असं मोघम म्हणू नका. काय बोललात, कुणाशी, कधी, तेवढंच नेमकं देवापुढे मांडा. पापं कबूल केली तर देव क्षमा करतो, हे 1 योहान 1:9 मधलं वचन मोठ्याने वाचा. तुमच्या पापाने कुणा माणसाचं नुकसान झालं असेल तर उद्या कुणाकडे जायचं ते कागदावर लिहा. मग थांबा. कबूल केलेलं पाप दुसऱ्या रात्री पुन्हा कबूल करू नका. नेमकं इथेच बिघडतं. तीच ती कबुली रोज दिली, की मनाला सवय लागते की क्षमा काल झालीच नव्हती. हात वर करण्याचंही तसंच. पुढची सभा आली तर जरूर जा, पण हात खालीच ठेवा.

हे विचार आठवडेच्या आठवडे झोप, जेवण घालवत असतील, तीच प्रार्थना ‘नीट झाली नाही’ म्हणून पुन्हापुन्हा म्हणावीशी वाटत असेल, तर पाळकांबरोबर मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. हा मंत्रचळाचा (ओसीडी) आजार असू शकतो, त्यावर औषध आहे, आणि औषध घेणं म्हणजे अविश्वास नव्हे.

प्रश्न : मी परिचारिका होते, अजून ओळखीच्या आजाऱ्यांकडे जाते. शेवटच्या घटका मोजणारा माणूस विचारतो, ‘आता माझ्या हातून काय होणार?’ काय सांगावं? – मिरज

उत्तर : डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उघडलं त्या तुमच्या गावात हा प्रश्न कित्येक खाटांपाशी विचारला गेला असेल.

पहिली गोष्ट, रुग्णाने स्वतः विचारलं असेल तरच बोला, आणि घरच्यांना कळू द्या. धापा टाकणाऱ्या माणसाच्या कानाशी आपण होऊन धर्म बोलणं हा त्याच्या अगतिकतेचा फायदा घेणं आहे. विचारलं असेल, तर आधी ओल्या कापसाने ओठ पुसा, मान सोयीची करा. मग लूक 23:39-43 वाचा. पाचच वचनं आहेत, दोन मिनिटंही लागत नाहीत. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या त्या गुन्हेगाराला ना बाप्तिस्मा घेता आला, ना दान देता आलं, ना नुकसान भरून देता आलं. हात खिळलेलेच होते. तो एवढंच म्हणाला की माझी आठवण करा. वाचून झालं की ‘हेच तुम्हाला म्हणायचंय का?’ असं एकदा विचारा. बोलवत नसेल तर हात दाबला तरी पुरे.

बिघडतं ते बहुधा इथून पुढे. नातेवाईक पापांची यादी काढायला लावतात, ‘मनापासून म्हणालात ना?’ असं तीन-तीनदा विचारतात आणि त्याला पुन्हा स्वतःच्या मनाच्या तपासणीला बसवतात. किंवा ‘प्रार्थना केली, आता उठून बसाल’ म्हणतात. बरं करण्याचं वचन द्यायचा अधिकार आपल्याला नाही. आणि उशाशी कुजबुजत त्याच्या गतीची चर्चा करू नका. डोळे मिटले तरी कान बऱ्याचदा उशिरापर्यंत ऐकत असतात.

कुणाचे पैसे द्यायचे राहिलेत, धाकट्या भावाशी अबोला आहे, असं रुग्ण म्हणाला तर लिहून घ्या, भावाला फोन लावून द्या. जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली, लुबाडलेलं चौपट परत करीन म्हणाला, पण येशू त्याच्या घरी उतरायला निघाला तो त्याआधी (लूक 19). परतफेड जरूर होऊ द्या, तारणाची किंमत म्हणून नको.

प्रश्न : आमचे शेजारी ख्रिस्ती नाहीत. 2019 च्या पुरात त्यांनी अख्ख्या गल्लीला जेवण पुरवलं. त्यांच्या पुण्याला मोल नाही, आणि मरताना पश्चात्ताप करणाऱ्या खुन्याला स्वर्ग? हा कुठला न्याय? – सांगली

उत्तर : त्यांच्या कामाला मोल आहे. त्या जेवणाने भुकेल्यांची पोटं भरली, आणि ते चांगलंच होतं. ‘आपली सत्कर्मं म्हणजे घाणेरडी वस्त्रं’ हे यशयातलं वचन काहीजण शेजाऱ्यांवर फेकतात. यशया ते स्वतःला धरून, ‘आम्ही’ म्हणून बोलला (64:6). ते स्वतःपुरतंच वापरावं.

शिकवण अशी आहे की देवापुढे उभं राहताना कुणाचाच हिशेब पुरा पडत नाही, तुमच्या शेजाऱ्यांचा नाही, आमचाही नाही. मत्तय 20 मधल्या येशूच्या दाखल्यात पहाटे आलेल्या मजुरांना ठरलेला एक दिनार मिळाला. ती तेव्हाची दिवसाची मजुरी. दिवस मावळायला तास राहिला असताना आलेल्यांनाही तेवढाच मिळाला. पहाटेच्यांचं काही कापलं गेलं नव्हतं, त्यांना टोचली ती मालकाची उदारता. खुन्याच्या बाबतीत मात्र एक लक्षात ठेवा. देवाची क्षमा झाली म्हणून कोर्टाची शिक्षा टळत नाही. वधस्तंभावरचा तो गुन्हेगारही खाली उतरला नाही, आणि आपली शिक्षा योग्यच आहे असं तोच म्हणाला.

कर्मांप्रमाणे न्याय होईल असंही पवित्र शास्त्र स्पष्ट सांगतं, ते झाकू नये. मत्तय 25 मध्ये भुकेल्यांना खाऊ घालणारे विचारतात, ‘प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिलं?’ त्यांनी वही ठेवलीच नव्हती. तिथे कर्मं साक्षीदार म्हणून उभी आहेत, दाम म्हणून नाहीत. ज्यांनी सुवार्ता ऐकलीच नाही किंवा ज्यांना ती नीट कळली नाही, त्यांचं काय, यावर मंडळ्यांत एकमत नाही. अशांनाही तारण मिळू शकतं असं कॅथलिक मंडळीच्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये म्हटलं, प्रॉटेस्टंटांत दोन्ही मतं आहेत. आम्ही एवढंच म्हणू की निकाल देणारा न्यायाधीश वधस्तंभावर गेलेला आहे. शेजाऱ्यांच्या घरी जा, उठबस ठेवा, तुमच्या आशेचं कारण त्यांनी विचारलं तर सांगा.

प्रश्न : मुलगा बरा झाला तर देवळाला पंचवीस हजार देईन असं प्रार्थनेत बोलले. मुलगा बरा झाला, पण द्राक्षं गेली, पैसे नाहीत. तो पुन्हा आजारी पडलाय. सगळे म्हणतात, नवस फेडला नाहीस म्हणून. – तासगाव तालुका

उत्तर : नाही. मुलाचा ताप ही देवाची वसुली नव्हे. आज आधी डॉक्टरांकडे जा.

बोललेलं फेडावं असं उपदेशक 5:4-5 सांगतो, शब्द दिला की पाळावा म्हणून. पण मुलाचं बरं होणं त्या पंचवीस हजारांवर विकत घेतलेलं नव्हतं, त्यामुळे ते परत घेतलं जाण्याचाही प्रश्न नाही. सावकाराकडून किंवा दागिने गहाण ठेवून रक्कम भरू नका. पाळकांना एकांतात खरी परिस्थिती सांगा. वर्षाला जमेल तेवढं, किंवा तुमच्याहून अडलेल्या घराला शिधा, असं काही दोघांनी मिळून ठरवा. पाळकांनीही व्यासपीठावरून ‘अमक्या भगिनीने फेड केली’ असं जाहीर करू नये. त्यातून पुढचे दहा नवस उभे राहतात.

प्रश्न : मुलगा शब्बाथशाळेतून (मुलांच्या बायबलवर्गातून) येऊन विचारतो, ‘तारण फुकट आहे तर परीक्षेत कॉपी केली म्हणून काय बिघडलं?’ – एक आई, वाई

उत्तर : मुलाला प्रश्न बरोबर पडलाय. पौलालाही हेच विचारणारे भेटले, रोमकरांस 6 ची सुरुवातच त्याने होते. इफिसकरांसचं दोन आठ-नऊ पाठ करून घेता तेव्हा दहावं वचनही त्याच दिवशी पाठ करून घ्या: सत्कृत्यं करण्यासाठी आपली निर्मिती झाली आहे. बहुतेक वर्गांत नवव्यावरच थांबतात, म्हणून हा घोटाळा होतो. आणि कॉपी केलीच तर बाईंना सांगायला तुम्ही त्याच्याबरोबर जा. क्षमा झाली तरी पेपर पुन्हा द्यावा लागू शकतो, हे त्याला तिथे कळेल.

प्रश्न : मुलगी प्रॉटेस्टंट, होणारा जावई कॅथलिक. तारणाविषयीची शिकवण वेगळी, म्हणून घरात विरोध आहे. – फलटण

उत्तर : 1547 मध्ये कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट परिषदेने ‘केवळ विश्वासाने’ ही शिकवण नाकारली, ही गोष्ट खरी. पण 31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी एकत्र सही केली की आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपला स्वीकार करतो. मेथडिस्ट 2006 मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्या 2017 मध्ये त्यात आल्या. शुद्धिस्थान (मरणानंतर आत्मा शुद्ध होण्याची अवस्था), पुण्याई यांवर मतभेद राहिलेत, पण ‘ते कर्मांनी तारण मानतात’ म्हणून लग्न मोडू नका.

खरी अडचण कागदपत्रांत येईल. अशा विवाहाला कॅथलिक बाजूला बिशपांची परवानगी लागते, आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक पद्धतीने व्हावं यासाठी शक्य ते करण्याचं वचन जावयाला द्यावं लागतं. मुलीला ते आधी माहीत असायला हवं. हॉल ठरवण्यापूर्वी दोघांनी मिळून आधी फादरांना आणि मग तुमच्या पाळकांना भेटावं.