कावीळ कागदावर आणा

प्रश्न : आमचं गाव खाडीकाठी आहे. काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. यंदा पाऊस सुरू झाल्यापासून आमच्या खालच्या वाडीत घरटी कुणी ना कुणी काविळीने झोपलंय. त्यात एक गरोदर मुलगीही आहे. नगरपंचायतीत विचारलं तर 'पाण्याचा नमुना पास आहे' म्हणतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात 'शहराचा भाग आमच्याकडे येत नाही' असं उत्तर मिळालं. मग आमच्या पाण्यावर नजर ठेवायची कुणी?
– एक वाचक भगिनी, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, त्या मुलीबद्दल तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, पण इतर वाचकांसाठी पुन्हा लिहिते. दूषित पाण्यातून होणारी कावीळ मुख्यतः हिपॅटायटिस ए आणि ई या दोन विषाणूंमुळे होते. यातली ई गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले की गावठी औषध, पथ्य, उतारा यांत एक दिवसही घालवू नका. तिला थेट रुग्णालयात न्या.

आता 'नमुना पास'बद्दल. हा विषाणू पोटात गेल्यावर डोळे पिवळे व्हायला साधारण दोन ते सहा आठवडे जातात, ई असेल तर कधी त्याहूनही जास्त. म्हणजे आज जे आजारी आहेत, त्यांना बाधलेलं पाणी महिन्याभरापूर्वीचं. कालचा नमुना त्याबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय तो घेतला कुठून? मी आरोग्य खात्यात पर्यवेक्षक होते, तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच असायचा. टाकीखालच्या नळाचं पाणी बहुतेक वेळा चांगलंच निघतं. बिघडतं ते वाटेत.

खाडीकाठच्या एका वाडीत मी स्वतः पाहिलं होतं, व्हॉल्व्हचा चेंबर गटारातच बांधलेला. पाणी सुटलेलं असताना पाइपमध्ये दाब असतो, त्यामुळे गळतीतून पाणी बाहेर येतं. पंप बंद झाला, पाइप रिकामा व्हायला लागला, की त्याच भोकातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी नळ सुटल्यावर पहिल्या दोन-तीन कळश्या कुणाच्या घरात जातात? अगदी शेवटच्या घरात. तुमची वाडी 'खालची' आहे, हे तुम्हीच लिहिलंय. आपल्याकडे जांभा दगड, त्यातून पाणी झिरपायला वेळ लागत नाही. शोषखड्ड्यातलं पाणी पावसात विहिरीपर्यंत पोचू शकतं, म्हणून ज्यांच्या घरी विहीर आहे त्यांनीही निर्धास्त राहू नये.

यावरची तपासणी अगदी सोपी आहे. तिला ओटी टेस्ट म्हणतात. छोट्या नळीत खुणेपर्यंत नळाचं पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी लगेच पिवळं होतं, तो रंग डबीवरच्या पट्टीशी जुळवायचा. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं, विषाणूची साथ असताना ०.५. पाणी पांढरंच राहिलं तर त्या नळापर्यंत क्लोरीन पोचलेलं नाही, मग टाकीत कितीही टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेलं असो. टीसीएलचं पोतंही बघून या. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, पण आपल्या पावसात ओलसर खोलीत पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातं. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नसते. पोतं उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास आला नाही, ढेकळं झालेली दिसली, तर नमुना जिल्हा प्रयोगशाळेत पाठवायला सांगा.

तुमचा मूळ प्रश्न मात्र नजर ठेवण्याचा आहे. ग्रामपंचायतीत पाण्याची काळजी घेणारा जलसुरक्षक असतो, पाण्याच्या स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर धोका किती यावरून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं आणि ग्रामसभेत उभं राहून कुणीही विचारू शकतं. नगरपंचायत झाली की ग्रामसभा जाते. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली, आणि नळाचं पाणी नगरपंचायतीचं. या तिघांच्या मधल्या फटीत तुमची वाडी सापडली आहे. मला याचा राग येतो, कारण भरडली जातात ती माणसं ज्यांच्याकडे फिल्टर नाही.

कायद्याने शुद्ध पाण्याची जबाबदारी नगरपंचायतीची, आणि तिथे उत्तर द्यायचं मुख्याधिकाऱ्यांनी. पण तुमचा आजार अजून कुठेच नोंदलेला नसेल तर ते उत्तर तरी कशाचं देणार? काविळीचे बरेच रुग्ण आपल्याकडे झाडपाल्याच्या औषधाला जातात, बरेच खासगी दवाखान्यात. सरकारी नोंदीत मग साथ दिसतच नाही. म्हणून सगळ्यात आधी यादी करा. घर, वय, डोळे पिवळे कधी झाले, पाणी कुठलं पितात, एवढंच लिहा. शक्य तेवढ्यांना ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढायला लावा, रक्त तपासून घ्या. यादीची एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, एक जिल्ह्याच्या साथरोग सर्वेक्षण कक्षाला द्या आणि प्रत्येकाची पोच घ्या. एकाच वाडीत थोड्या दिवसांत इतकी कावीळ, असं कागदावर आलं की 'आमच्याकडे येत नाही' म्हणणं कुणालाच सोपं राहत नाही.

पंधरवडाभर हालचाल झाली नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. गेल्या तीन महिन्यांची ओटी नोंदवही, टीसीएलचे तपासणी अहवाल आणि नमुने कुठल्या नळावरून घेतले, एवढंच मागा. २००५ च्या या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचाही हक्क आहे. तो अर्जात स्पष्ट लिहा आणि पाहणीला वाडीतल्या दोघी-तिघींनी मिळून जा, व्हॉल्व्हचे चेंबर उघडून दाखवायला सांगा.

तोवर पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर आणखी काही मिनिटं उकळू द्या. लहान मुलांच्या शाळेच्या बाटलीतही तेच पाणी भरा.