तीच सुडी पुन्हा रंगव

प्रिय मुली,

तू पाठवलेला फोटो काल रात्री तीनदा उघडून पाहिला. फ्रेंच चित्रकार मोनेची बर्फातली सुडी, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, तू एकदा रंगवलीस, रंगांचा चिखल झाला, आणि आता विचारतेस की नक्कल सोडून स्वतःची शैली शोधू का? नको. तीच सुडी पुन्हा रंगव.

सावलीपाशी ये. तू ती तपकिरी-काळी काढलीस, कारण सावली काळी असते हे तू बघण्याआधीच ठरवून बसली होतीस. मोनेची निळी-जांभळी आहे. 1905 साली एका पत्रात त्याने आपले रंग सांगितले होते: पांढरा, कॅडमियम यलो, शेंदरी व्हर्मिलियन, गडद लाल मॅडर, कोबाल्ट ब्लू, हिरवा विरिडियन. काळा नाहीच. तुझी काळ्याची ट्यूब आजच कपाटात टाक.

आणि चिखल झाला तो ओल्यावर ओलं फिरवत बसल्यामुळे. मोनेचे फटकारे बघून सगळ्यांना वाटतं, एका दमात मारलेत. अगं, खालचा जाड थर वाळू द्यायचा, मग त्याच्या उंचवट्यांवरून जवळजवळ कोरडा ब्रश ओढायचा. खाचांतून खालचा रंग दिसत राहतो, त्यानेच ते बर्फ चमकतं. फ्रान्समधल्या रुआं शहरातल्या कॅथीड्रलची तीसेक चित्रं त्याने 1892 आणि 93 मध्ये तिथे जाऊन सुरू केली, पण पुरी केली जिव्हर्नीला, घरच्या स्टुडिओत, 1894 पर्यंत खपून. आणि तुला आठवडाभर थांबवत नाही!

मीही तुझ्या वयात हीच सुडी केली होती. शिकवणाऱ्या एकांनी वर्गासमोर म्हटलं, नकला करून कुणी चित्रकार होत नाही. मी कॅनव्हास गुंडाळून माळ्यावर टाकला आणि वीस वर्षं 'माझं' काढत राहिले. त्या चित्रांवर माझं घर चाललं, ती वाया गेली असं मी कुणाला म्हणू देणार नाही. पण त्यातल्या एकूण एक झाडाची सावली तपकिरी आहे. पन्नाशीला मी माळ्यावरचा कॅनव्हास काढला आणि तीच सुडी अकरा वेळा केली. सातव्या वेळी अंगणातल्या शेवग्याची सावली पहिल्यांदा निळी दिसली. ती आधीही निळीच असणार. तेव्हा शैलीचं मला विचारू नकोस, पुन्हा रंगव.

मोनेने स्वतः 1890-91 मध्ये घराजवळच्या शेतातल्या त्या सुड्या पंचवीसेक वेळा रंगवल्या. तुला एकदा करून कंटाळा आला?

मोबाइलवर बघून करू नकोस, पडद्याचा उजेड रंग खोटे दाखवतो. माझ्याकडे मोठा प्रिंट आहे, रविवारी येऊन घेऊन जा. पहिला कॅनव्हास खरवडू नकोस, भिंतीकडे तोंड करून ठेव. नवा तेवढ्याच मापाचा घे आणि या वेळी सावलीपासून सुरू कर.

तुझी,
मावशी